हरकती व सूचना

वर्तमानपत्राच्या ज्या कोपऱ्याकडे सहसा कोणाची दृष्टि वळत नाहीं, त्या कोपऱ्यांत बारीक टायपांत छापलेलें एक वाक्य वरचेवर आढळतें : "या बाबतींत कोणाची हरकत अगर सूचना असल्यास ती लेखी स्वरूपांत ठराविक मुदतीच्या आंत कळवावी." नाटकांच्या जाहिराती आपण वाचतों, वधूवरांच्या जाहिराती वाचतों, निधनवार्ता तर चष्मा पुसून वाचतों, परंतु हें वाक्य वाचून कोणी खरोखर लेखणी उचलली, असें आपल्या ओळखीच्या किती माणसांविषयीं सांगतां येईल? दुसऱ्या दिवशीं त्या कागदांत भजीं बांधलीं जातात, आणि यथावकाश मुदत संपते. ती संपली म्हणजे मात्र आपण सर्व जण मोठ्या हिरीरीनें हरकती घेऊं लागतों. आगगाडीच्या डब्यांत घेतों, लग्नाच्या पंगतींत घेतों, इमारतीच्या गच्चीवर तर घेतोंच घेतों. त्या टिपून घ्यावयास मात्र तेथें कोणी नसतो.

आमची स्वतःची रीत याहून फारशी निराळी नव्हती. अपवाद घडला तो एकदांच. २०१५ च्या फेब्रुवारींत मुंबई शहराच्या पुढील वीस वर्षांच्या विकासाचा प्रारूप आराखडा महानगरपालिकेनें प्रसिद्ध केला. त्यांत इतक्या चुका निघाल्या, आणि इतक्या हजारों नागरिकांनीं लेखी हरकती घेतल्या कीं, त्याच वर्षींच्या एप्रिलांत राज्य सरकारनें तो आराखडा बाजूस सारून नव्यानें करावयास लाविला. त्या हजारोंत आमच्याहि पांच ओळी होत्या. आमच्या गल्लीच्या टोकाचें लहानसें मैदान मैदानच राहावें, एवढेंच आम्हीं त्यांत लिहिलें होतें. आमच्या पांच ओळींनीं आराखडा पडला असें म्हणावयास आम्ही धजत नाहीं. तथापि त्या ओळी लिहून पाकिटास डिंक लावतांना जें समाधान वाटलें, तें पुढें निवडणुकांत मत देऊनहि वाटलें नाहीं, हें येथें कबूल करावयास कांहीं हरकत नसावी.

ही जुनी गोष्ट पुन्हां आठवण्यास कारण घडलें तें २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत. आमचा भाचा संगणकाच्या धंद्यांत आहे. ऐन पंचविशींत तो शिक्षणासाठीं अमेरिकेंत गेला, तेथें कांहीं वर्षें काढून परत आला, आणि मरोळासच आमच्या शेजारच्या इमारतींत बिऱ्हाड करून राहिला. त्याची कचेरी सीप्झमध्यें आहे. मरोळच्या औद्योगिक वसाहतींत निर्यातीच्या मालासाठीं म्हणून १९७३ सालीं जो विभाग सरकारनें आंखून दिला, तोच हा सीप्झ. परदेशांसाठीं संगणकाचीं कामें करण्याचा उद्योग या देशांत ज्या थोड्या जागीं प्रथम रुजला, त्यांतील ही एक जागा. जवाहिरांचे कारखाने आणि संगणकाच्या कचेऱ्या यांच्यामध्यें तेथें एका चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. तें चर्च १५७९ सालीं पोर्तुगीजांच्या अमदानींत बांधलें गेलें आणि १८४० सालीं सांथीमुळें ओस पडलें. त्याची मंडळी मरोळ गांवांत आली. आतां तें फाटकाच्या आंत असल्यामुळें तेथें जावयास परवाना लागतो. मे महिन्यांतील एका रविवारीं तेवढें दार सर्वांस उघडतें, आणि जुन्या ईस्ट इंडियन घराण्यांतील माणसें आपल्या पूर्वजांच्या जागीं प्रार्थना करून परततात. आमच्या भाच्याजवळ बारमाही परवाना आहे, आमच्याजवळ नाहीं.

एके दिवशीं संध्याकाळीं हा भाचा हातांत एक छापील कागद घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, तुम्हांला हरकती घेण्याची हौस आहे ना? मग ही पाहा संधि."

कागद भारतीय स्पर्धा आयोगाच्या सूचनेचा होता. प्रकरण असें होतें. अँड्रॉइड जातीच्या मोबाइलवर नवीं ॲप्स बहुतेक लोक ज्या दुकानांतून घेतात, तें गूगल कंपनीचें 'प्ले स्टोअर'. पैसे लावून खेळावयाच्या खेळांपैकीं फॅन्टसी क्रीडा आणि रमी या दोनच प्रकारांस त्या दुकानांत २०२२ पासून जागा मिळाली होती. बाकीच्यांस दार बंद होतें. अशाच एका खेळांच्या कंपनीनें तक्रार केली, २०२४ च्या नोव्हेंबरांत आयोगानें चौकशीचा हुकूम दिला, आणि आतां गूगलनें आपले नियम बदलण्याचें वचन आयोगापुढें ठेविलें होतें. तें वचन स्वीकारून प्रकरण मिटवावें कीं नाहीं, याविषयीं आयोगानें लोकांचीं मतें मागविलीं होतीं.

आम्ही म्हणालों, "अरे, आम्हांला साधे पत्ते पिसतां येत नाहींत. पैशाच्या खेळांविषयीं आम्ही काय सांगणार?"

"खेळांविषयीं कांहींच सांगूं नका. त्या दाराविषयीं सांगा," तो म्हणाला.

त्या रात्रीं बराच वेळ आम्ही या उत्तराचा विचार करीत होतों. तडजोड हा शब्द आपल्या कानांस गोड लागतो. भाऊबंदांचा तंटा कोर्टांत पंचवीस वर्षें कुजत पडण्यापेक्षां चार प्रतिष्ठित माणसांनीं तो ओटीवर बसून मिटविला, तर सर्व गांव त्यांस दुवा देतें. परंतु दोघां जमीनदारांनीं आपल्या बांधाचा तंटा मिटविला, म्हणजे त्या शेतांत राबणाऱ्या कुळाचाहि प्रश्न मिटलाच, असें होत नाहीं. तें कूळ त्या ओटीवर बसलेलें नसतें, आणि त्याला कोणी विचारीतहि नाहीं. एखाद्या बलाढ्य कंपनीचा आणि सरकारचा वाद मिटतो तेव्हां असेंच एक तिसरें माणूस बाहेर उभें असतें. कंपनीच्या वकिलांनीं कंपनीचें हित पाहिलेलें असतें. सरकारच्या वकिलांनीं खटल्याचा खर्च, काळ आणि हरण्याचा संभव यांचा हिशेब केलेला असतो. ज्याच्या नांवानें हा सारा खटाटोप चाललेला असतो, त्या ग्राहकाचें म्हणणें ऐकावयाचें राहूनच जातें. 'हरकती व सूचना' हें वाक्य या तिसऱ्या माणसासाठीं असतें.

या तिसऱ्या माणसाचा प्रश्न ज्या एका खटल्यांत फार मोठ्या प्रमाणावर जगापुढें आला, तो अमेरिकेंतील आहे. १८ मे १९९८ रोजीं तेथील केंद्र सरकारनें आणि वीस राज्यांनीं मायक्रोसॉफ्ट कंपनीवर खटला भरला. घरोघरच्या संगणकांतील मूळ यंत्रणा, म्हणजे विंडोज, याच कंपनीची होती. त्या बळावर इंटरनेट पाहण्याचें आपलें साधन तिनें लोकांच्या गळ्यांत बांधलें आणि नेटस्केप या प्रतिस्पर्ध्याची वाट अडविली, असा आरोप होता. न्यायमूर्ति थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनीं ७ जून २००० रोजीं कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. २८ जून २००१ रोजीं अपील न्यायालयानें, मक्तेदारी बेकायदेशीर रीतीनें टिकविल्याचा मुख्य ठपका कायम ठेवून, तुकड्यांचा हुकूम मात्र रद्द केला. पुढें नोव्हेंबरांत सरकार आणि कंपनी यांची तडजोड झाली. नऊ राज्यांनीं ती मान्य केली. नऊ राज्यांनीं नाकारून लढा चालू ठेविला.

आतां अमेरिकेंत १९७४ सालचा एक कायदा आहे. टनी नांवाच्या सिनेटरवरून तो ओळखला जातो. मक्तेदारीच्या खटल्यांत सरकारनें तडजोड केली, तर ती आधीं प्रसिद्ध केली पाहिजे. साठ दिवस लोकांचीं मतें घेतलीं पाहिजेत. आलेलीं मतें छापून त्यांस सरकारनें उत्तर दिलें पाहिजे. आणि तडजोड लोकहिताची आहे अशी न्यायाधीशाची खात्री झाल्यावरच ती पक्की व्हावयाची, असा त्याचा दंडक आहे. त्या हिवाळ्यांत टपालांतून अँथ्रॅक्सचे जंतु पाठविले गेल्यामुळें वॉशिंग्टनची टपालव्यवस्था विस्कळित झाली होती. म्हणून मतें ई-मेलनें अगर फॅक्सनें पाठवावीं असें सरकारनेंच सुचविलें. जानेवारी २००२ अखेर मुदत संपली, तेव्हां तीस हजारांहून अधिक पत्रें जमा झालीं होतीं. त्यांत अनुकूल पत्रांहून प्रतिकूल पत्रें अधिक होतीं.

त्यांतलें एक पत्र आमच्या भाच्याचें होतें! हें त्यानें आम्हांस तेवीस वर्षें सांगितलें नव्हतें. आगंतुक विद्यार्थ्यानें परक्या सरकारास लिहिलेल्या चार ओळी. त्यांत सांगण्यासारखें काय आहे, असें त्याला वाटलें असावें. त्या चार ओळींत त्यानें एकच मुद्दा मांडला होता. तडजोडीप्रमाणें कंपनीनें आपल्या यंत्रणेचीं कांहीं दारें इतर कारागिरांस उघडावयाचीं होतीं. परंतु लोकांनीं लिहिलेला मजकूर ज्या स्वरूपांत संगणकांत सांठविला जातो, तें स्वरूप उघड करण्याविषयीं तींत कांहीं नव्हतें. लिहिणाऱ्याचा मजकूर लिहिणाऱ्याच्या मालकीचा असावा, असें त्याचें म्हणणें होतें. इतरहि पुष्कळांनीं हाच मुद्दा अधिक विस्तारानें मांडला होता.

"मग पुढें काय झालें?" आम्हीं विचारलें.

पुढें झालें तें थोडक्यांत असें. आलेल्या मतांचा विचार करून फेब्रुवारी २००२ मध्यें तडजोडीच्या मसुद्यांत थोडेसे फेरफार झाले. मूळ सांगाडा तसाच राहिला. १ नोव्हेंबर २००२ रोजीं न्यायमूर्ति कॉलीन कोलर-कोटेली यांनीं ती बव्हंशीं मंजूर केली. मजकुराच्या स्वरूपाचा मुद्दा तींत आला नाहीं. त्या निवाड्याखालील देखरेख मे २०११ मध्यें संपली.

"म्हणजे तुझें कोणीं ऐकलें नाहीं," आम्ही म्हणालों.

"नाहीं ऐकलें," तो हंसून म्हणाला. "पण मामा, माझ्या पत्राला क्रमांक आहे. सरकारनें तें प्रसिद्ध केलें आहे, आणि 'हा मुद्दा आम्ही घेत नाहीं, याचें कारण असें' हें सरकारला लिहावें लागलें आहे. तें कारण मला पटलें नाहीं ही गोष्ट वेगळी."

आम्ही शिक्षकाच्या पेशांत आयुष्य घालविलें असल्यामुळें या उत्तराचें मर्म आम्हांस चटकन् कळलें. शाळेंत असतांना एखाद्या मुलाची विनंती नाकारावयाची, आणि कारण मात्र सांगावयाचें नाहीं, हा सर्वांत सोपा मार्ग असे. कारण सांगावयाचें म्हटलें कीं आपलाच निर्णय आपल्यास पुन्हां एकदां तपासावा लागतो. आणि कधीं कधीं, कारण लिहितां लिहितां तें किती लंगडें आहे हें ध्यानीं येऊन, विनंतीच मान्य करावी लागते. तीस हजार पत्रांनीं ती तडजोड उलथून पडली नाहीं. परंतु तींतील प्रत्येक वाक्याचें समर्थन लोकांसमक्ष करण्याची पाळी त्या पत्रांनीं सरकारवर आणिली. एवढें काम कांहीं थोडें नव्हे.

तडजोड पक्की झाली म्हणजे तिसऱ्या माणसाचें काम संपतें असेंहि नाहीं. याच कंपनीनें युरोपांत १६ डिसेंबर २००९ रोजीं एक वचन दिलें. विंडोज वापरणारास इंटरनेट पाहण्याचें साधन निवडतां यावें म्हणून निरनिराळ्या साधनांचीं नांवें दाखविणारा एक पडदा त्याच्यापुढें यावा, असें त्यांत ठरलें होतें. २०११ च्या मेपासून २०१२ च्या जुलैपर्यंत सुमारें दीड कोटि लोकांच्या संगणकांवर तो पडदा आलाच नाहीं. कंपनीनें ही तांत्रिक चूक असल्याचें सांगितलें. युरोपीय आयोगानें मार्च २०१३ मध्यें तिला ५६ कोटि १० लक्ष युरो दंड केला. चूक असो वा नसो, चौदा महिने एक वचन अंमलांत नव्हतें. आपल्या संगणकावर कांहीं दिसावयास हवें होतें, हेंच बहुतेकांस ठाऊक नसणार. मग तें दिसत नाहीं अशी तक्रार तरी कोण करणार!

आपल्या देशांत स्पर्धेचा कायदा २००२ सालचा आहे. तडजोडीची वाट त्यांत २०२३ च्या दुरुस्तीनें आली, आणि तिचे नियम मार्च २०२४ मध्यें झाले. चौकशीचा अहवाल हातीं येण्यापूर्वीं कंपनीनें आपलें वर्तन सुधारण्याची हमी दिली तर तें वचन. अहवालानंतर रक्कम भरून आणि अटी मान्य करून प्रकरण मिटविलें तर ती तडजोड, असा भेद त्यांत केला आहे. आयोगानें इतरांच्या हरकती व सूचना विचारांत घ्याव्या, असें कायदा म्हणतो. परंतु आलेलें प्रत्येक पत्र छापून त्यास उत्तर द्यावें, हा अमेरिकेचा दंडक आपण घेतलेला नाहीं. शिवाय वचन अगर तडजोड स्वीकारल्याच्या हुकुमावर अपील चालत नाहीं. म्हणजे सामान्य माणसास बोलावयाचें असेल तर तें हुकुमापूर्वींच बोललें पाहिजे. मागाहून गच्चीवर बोलून भागणार नाहीं.

येथें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, नाहींतर आम्ही तडजोडीचे शत्रु आहों असा समज व्हावयाचा. लढून मिळालेला निकाल नेहमींच अधिक फलदायी असतो असें नाहीं. मायक्रोसॉफ्टचे तुकडे करण्याचा हुकूम झाला, पण तुकडे कधींच झाले नाहींत. आपल्याकडे मोबाइलच्या बाबतींत ऑक्टोबर २०२२ मध्यें आयोगानें गूगलला १,३३७.७६ कोटि रुपये दंड केला. मार्च २०२३ मध्यें अपील न्यायाधिकरणानें दंड कायम ठेविला, परंतु आयोगाच्या निर्देशांपैकीं चार निर्देश रद्द केले. याउलट अँड्रॉइड टीव्हीविषयींचें २०२० सालच्या तक्रारीचें प्रकरण गूगलनें २१ एप्रिल २०२५ रोजीं, शेंकडा पंधरा सूट मिळून, २०.२४ कोटि रुपयांवर मिटविलें. तडजोडीच्या नव्या वाटेनें मिटलेलें हें आपल्याकडील पहिलें प्रकरण. भारतांत टीव्ही विकणाऱ्या कारखानदारास गूगलचीं सारीं ॲप्स एकत्र न घेतां, प्ले स्टोअर आणि त्याच्या सेवा तेवढ्या स्वतंत्र परवान्यानें घेतां येतील, असें तींत ठरलें. रकमेकडे पाहिलें तर ती कंपनीच्या मानानें चिल्लर आहे. अटीकडे पाहिलें तर लहान कारखानदारास ती उपयोगी पडूं शकेल. अशा वेळीं तडजोड बरी कीं वाईट हें रकमेवरून ठरवूं नये. अट कोणाच्या उपयोगाची, आणि ती पाळली जाते कीं नाहीं हें कोण पाहणार, यावरून ठरवावें. आम्हांपुरतें सांगावयाचें तर, ती तडजोड झाली तेव्हां आमच्या भिंतीवरील टीव्हीच्या पोटांत कोणाची यंत्रणा आहे, हेंहि आम्हांस माहीत नव्हतें.

मग आम्हीं या भानगडींत पडावेंच कां? याचें उत्तर आमच्या घरांतच आहे.

आमचे वडील बंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणे, नोकरींतून मोकळे झाल्यावर संगणक शिकले. साठीनंतर माणसें तीर्थयात्रेस जातात. दादांनीं मराठी टंकलेखनाची एक फ्लॉपी विकत आणिली आणि मरोळच्या आठवणी लिहावयास घेतल्या. भाताचीं खाचरें, विहिरी, पावसाळ्यांत रस्त्यापर्यंत येणारें नदीचें पाणी, शेजारच्या वाड्यांतील लग्नाचीं गाणीं, पहिल्या कारखान्याचा पहिला भोंगा, असें पुष्कळ कांहीं त्यांत होतें. सुमारें दोनशें पानें झालीं. एक छापील प्रत काढून ती त्यांनीं कापडी बांधणींत घातली. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी पात्र सोडून वस्तींत शिरली, आणि आमच्या तळमजल्यावरील घरांत छातीइतकें पाणी चढलें. तिसऱ्या दिवशीं दादांची प्रत कपाटांतून निघाली ती कागदाचा एक ओला गोळा होऊन. आम्ही हळहळलों, दादा मात्र शांत होते. "कागद गेला तरी मजकूर कोठें गेला आहे?" ते म्हणाले. "फ्लॉपी माळ्यावर आहे." त्यानंतर चार वर्षांनीं दादा गेले.

त्यांच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास आम्हीं तो मजकूर नव्या संगणकावर उघडविला. उघडला तो मरोळच्या आठवणींऐवजीं इंग्रजी अक्षरें, अंक, कंस आणि उद्गारचिन्हें यांची एक अखंड रांगोळी! ज्या कंपनीचें तें टंकलेखन होतें, तिचें नांव घेण्याचें येथें प्रयोजन नाहीं, आणि तिनें कोणता कायदा मोडला असेंहि आम्ही म्हणत नाहीं. त्या काळीं मराठी टंक विकणारा प्रत्येक जण इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर आपापल्या मनानें मराठी अक्षरें बसवीत असे. युनिकोड नांवाच्या सर्वसामान्य संकेतांत देवनागरीस १९९१ पासून जागा होती. पण घरोघरचें टंकलेखन त्या संकेतावर यावयास पुढें बरींच वर्षें गेलीं. कोणती अक्षरें कोठें बसविलीं आहेत, तो तक्ता विकणाराजवळ. तो टंक नाहींसा झाला कीं मजकूरहि मुका झाला. दादांनीं जें लिहिलें तें दादांचेंच होतें, पण त्याची किल्ली त्यांच्याजवळ कधींच नव्हती. भाच्यानें परदेशांत ज्या चार ओळी लिहिल्या होत्या, त्यांचा अर्थ आम्हांस आमच्याच माळ्यावर सांपडला.

ज्या माणसास एक गोष्ट अनुभवानें पक्की ठाऊक असते, त्यानें ती लिहून कळवावी, असें आम्हांस त्या रात्रीं वाटलें. दुसऱ्या दिवशीं आम्ही मसुदा करावयास बसलों. प्रथम दादांच्या फ्लॉपीची सारी कथा आम्हीं दोन पानें भरून लिहिली. भाच्यानें ती वाचली, डोळे पुसले, आणि कागद परत केला. "मामा, हें त्यांनीं विचारलेलें नाहीं. विचारलेल्या प्रश्नाचेंच उत्तर द्या. नाहींतर पहिल्या ओळीनंतर कोणी वाचणार नाहीं." जन्मभर मुलांस हेंच सांगत आलेल्या माणसास तें ऐकून घ्यावें लागलें! शेवटीं दोनच सूचना उरल्या. पहिली अशी कीं, ज्याच्या दुकानावांचून मालास गिऱ्हाइकापर्यंत जावयास दुसरी सोयीची वाट नाहीं, त्यानें कोणास दार नाकारल्यास कारण लेखी द्यावें, आणि तें एकास एक व दुसऱ्यास दुसरें असें असूं नये. दुसरी अशी कीं, दिलेलें वचन पाळलें जात आहे कीं नाहीं, याची हकीकत दर वर्षीं साध्या भाषेंत लोकांसाठीं प्रसिद्ध व्हावी.

मसुद्याची शाई वाळते न वाळते तोंच निराळाच प्रकार झाला. २० ऑगस्ट रोजीं ऑनलाइन खेळांविषयींचें विधेयक लोकसभेंत मांडलें गेलें आणि त्याच दिवशीं मंजूर झालें. २१ तारखेस राज्यसभेनें तें मंजूर केलें. २२ तारखेस राष्ट्रपतींची संमति मिळाली. पैसे लावून खेळावयाचे सर्वच ऑनलाइन खेळ त्या कायद्यानें वर्ज्य केले. ज्या खेळांस दुकानांत जागा मिळावी कीं नाहीं यावर आयोग लोकांचीं मतें मागवीत होता, ते खेळच बेकायदेशीर ठरले! भाचा म्हणाला, "आतां पत्र राहूं द्या, मामा. मुद्दाच उरला नाहीं."

आम्हीं क्षणभर विचार केला. खेळ गेले होते. दुकान होतें तेथेंच होतें, आणि त्याचें दारहि होतें. आज त्या दाराशीं खेळवाला अडला होता. उद्यां एखादा कोशकार अडेल, परवां गांवातली एखादी पतपेढी अडेल. आमच्या दोन्ही सूचनांत खेळाचा शब्दहि नव्हता. आम्हीं पत्र पाठविलें. भाच्यानें तें स्वच्छ करून दिलें, आणि आपलाहि एक परिच्छेद निराळ्या पत्रानें धाडला; त्याची ही दुसरी वेळ होती.

आमच्या पत्राचा कांहीं परिणाम होईल अशी आशा आम्हीं धरिलेली नाहीं. परंतु एक गोष्ट आम्हांस मनापासून हवी आहे, आणि ती कोणत्याहि एका कंपनीशीं निगडित नाहीं. आपल्या नांवानें होणाऱ्या प्रत्येक तडजोडींत, आलेल्या हरकती छापल्या जाव्या आणि 'ही घेतली', 'ही घेतली नाहीं, कारण असें' एवढें तरी तिच्यासमोर लिहिलें जावें. तीस हजार पत्रांस उत्तर देणें एका सरकारास जमलें. तें आपल्यास न जमण्यासारखें आहे असें वाटत नाहीं. आणि उत्तर येतें असें एकदां लोकांस दिसलें, म्हणजे तो बारीक टायपांतला कोपरा वाचणारे लोकहि वाढतील. आज तो कोणी वाचीत नाहीं याचा सारा दोष लोकांच्या आळसावर ढकलणें न्यायाचें नाहीं. ज्या विहिरींतून प्रतिध्वनिहि येत नाहीं, तींत डोकावून हांक मारावयाचें मूलहि लवकरच सोडून देतें.

दरम्यान भाच्यानें मोठ्या चिकाटीनें दादांच्या टंकाचा तक्ता जुळवीत आणिला आहे. कोणत्या इंग्रजी खुणेच्या जागीं कोणतें मराठी अक्षर होतें, तें एकेक ओळखून त्यानें चाळीस पानें परत मराठींत आणिलीं. तीं शुद्ध मात्र नाहींत. त्या जुन्या पद्धतींत पहिली वेलांटी अक्षराच्या आधीं लिहिली जाई, नव्या संकेतांत ती अक्षराच्या मागून येते. त्यामुळें मिठी नदीची वेलांटी शब्दापासून सुटून एकटीच पुढें उभी राहते. रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर चढतो, आणि जोडाक्षरें मोडून पडतात. तें सारें एकेक करून जागेवर बसविण्याचें काम आमच्याकडे आहे. रोज संध्याकाळीं दोन पानें होतात. दादा कोणत्या वाक्यास हंसले असतील, हें आतां आम्हांस मधूनमधून कळतें.

अजून एकशें साठ पानें व्हावयाचीं आहेत. सकाळीं वर्तमानपत्र आलें म्हणजे आम्ही प्रथम तो कोपरा वाचून काढतों, आमच्या कामाचें कांहीं असल्यास कात्रीनें कापून ठेवितों, आणि मग दादांच्या वेलांट्या लावावयास बसतों.